बाळंतीण "बरी आहे" म्हणजे नक्की काय? नवीन सिस्टर लोकांसाठी मोजमापाची वही

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या डिस्चार्ज कार्डवर शेवटची ओळ होती, "मदर अँड बेबी वेल". तेव्हा मला नोकरीत दोन वर्षं झालेली, ही ओळ मी स्वतः शेकडो कार्डांवर लिहिलेली. आणि तेच कार्ड हातात घेऊन मी गाडीत एका बाजूवर तिरकी बसून माहेरी गेले, कारण टाक्यांमुळं सरळ बसताच येत नव्हतं. पुढं तीन महिने खाली बसून जेवले नाही, खोकला आला की थेंबथेंब लघवी व्हायची, आणि हे कुणाला तरी सांगायचं असतं हे नर्स असूनही मला सुचलं नाही. हॉस्पिटलच्या हिशेबात मात्र मी "वेल". हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, माणसं चांगलीच होती, फक्त त्यांनी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी लिहायला त्यांच्याकडं रकाना नव्हता.

हे लिहितेय ते त्या रकान्यासाठी. नवीन जॉईन झालेल्या एएनएम, स्टाफ नर्स, उपकेंद्रावरच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), आणि आता मिडवायफरीचा कोर्स करून येणाऱ्या मुली, तुमच्यासाठी. केंद्र सरकारनं २०१८ च्या डिसेंबरात मिडवायफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १८ महिन्यांचं ट्रेनिंग घेतलेली नर्स साधं बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर करणार, बाईला मान देऊन करणार असं सगळं आहे. (आमच्या माण-खटाव भागात हे समजावून सांगितलं की म्हाताऱ्या म्हणतात, "म्हंजे सुईणच की गं, शिकल्याली." बरोबरच आहे.) पण चांगलं बाळंतपण झालं हे ओळखायचं कशावरून? मीटिंगला विचारतात फक्त "किती डिलिव्हऱ्या?" तो आकडा झाला कामाचा, निकालाचा नाही.

सगळ्यात आधी: मृत्यूच्या आकड्यावर विसंबू नका

नवीन माणसाला वाटतं मातामृत्यू मोजला की झालं. मातामृत्यू म्हणजे गरोदरपणात किंवा गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंधित कारणानं झालेला मृत्यू, आणि त्याचं प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागं काढतात. २०१९-२१ च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा आकडा ३८ आणि देशाचा ९३. आता आपल्या पीएचसीचं (प्राथमिक आरोग्य केंद्राचं) गणित करून बघा. सपाटीवरच्या पीएचसीला साधारण ३०,००० लोकसंख्या, हजारी १५ जन्म धरले तर वर्षाला ४५० बाळं. ३८ च्या हिशेबानं तुमच्या हद्दीत एक मातामृत्यू साधारण सहा वर्षांत एकदा. म्हणजे तुम्ही पाच वर्षं ढिसाळ काम केलंत तरी तुमचा आकडा शून्यच दिसू शकतो, आणि उत्तम काम करूनही नशीब फिरलं तर एका वर्षात दोन. मृत्यू झाला तर त्याची चौकशी, ऑडिट व्हायलाच पाहिजे, त्यात काही दुमत नाही, पण आपण बरं काम करतोय का हे त्या आकड्यावरून छोट्या ठिकाणी कधीच कळणार नाही.

म्हणून मृत्यूच्या अलीकडचं मोजायचं. किती रक्त गेलं, किती जणींना झटके आले, किती रेफर केल्या आणि पोचायला किती वेळ लागला, आणि त्याच्याही पलीकडं, दीड महिन्यानं ती बाई कशी आहे.

एक धोका इथंच सांगते. काम केलं हे मोजणं सोपं असतं म्हणून आपण तेच मोजत बसतो. उत्तर प्रदेशात प्रसूतीच्या चेकलिस्टचा मोठा अभ्यास झाला, बेटरबर्थ नावाचा, दीड लाखाच्या वर बाळंतपणं त्यात होती, २०१७ ला निकाल आला. जिथं कोचिंग दिलं तिथं हात धुणं, बीपी बघणं, वेळेत इंजेक्शन देणं हे सगळं वाढलं. आणि आई-बाळाचे मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत? फरकच नाही. टिकमार्क वाढले म्हणून बाई वाचतेच असं नसतं. चेकलिस्ट भराच, पण तिलाच निकाल समजू नका.

पायरी एक: खालचा आकडा नीट लावा

"कितीपैकी किती", यातला "कितीपैकी" आपल्याकडं कायम चुकतो आणि त्याला कारण आपली रीत. पहिलं बाळंतपण माहेरी. सासर कोरेगावात, माहेर तासगावात, नोंदणी सासरी, सातव्या महिन्यात ओटी भरून पोरगी सांगली जिल्ह्यात, डिलिव्हरी मिरजेत, सव्वा महिन्याचं बाळंतपण माहेरी, आणि तीन महिन्यांनी सासरी परत. मग सासरच्या आशाच्या वहीत ती "स्थलांतरित", माहेरच्या आशाच्या वहीत ती "पाहुणी", आणि ४२ व्या दिवसाची भेट दोन्हीकडं कोरी. मी एकदा एका तिमाहीच्या कोऱ्या भेटी काढून बघितल्या, बहुतेक पहिलटकरणीच निघाल्या. म्हणजे ज्यांना विचारायची सगळ्यात जास्त गरज त्याच आपल्या मोजणीत नाहीत!

यावर उपाय साधाच आहे. नोंदणीच्या दिवशीच माहेरचं गाव, आईचा मोबाईल नंबर आणि आरसीएच नंबर (सरकारी माता-बाल नोंदणीचा) एका ओळीत लिहून ठेवा. नवऱ्याचा नंबर असतोच, पण नवरा असतो पुण्यात नाहीतर मुंबईत, त्याला विचारलं की "बरंय की सगळं" एवढंच. आईला विचारा, आई सांगते. आणि माहेरच्या गावच्या सिस्टरचा नंबर मिळवून ठेवा, ती तिकडं भेट देईल, तिच्या गावच्या सुना इकडं माहेरी आल्या की तुम्ही भेट द्या. कागदोपत्री असली काही व्यवस्था लागत नाही, दोन सिस्टर बोलल्या की होतं.

दुसरा गळणारा गट म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या. दिवाळीच्या आसपास कराड, वाळवा, पलूस पट्ट्यात कोप्या (तोडकऱ्यांच्या झोपड्या) पडतात, मार्चपर्यंत माणसं असतात, त्यात सात-आठ महिन्यांच्या बायका मोळ्या उचलताना आपण सगळ्यांनी बघितल्यात. त्या ना तुमच्या गावाच्या यादीत ना त्यांच्या गावच्या यादीत. यांचं वेगळं पान करा. तुमच्या टक्केवारीत मिसळू नका, पण वगळूही नका. वगळलं तर आकडा छान दिसतो आणि खोटा असतो.

आणि हो, महिन्याला २० डिलिव्हऱ्या असतील तर टक्के काढू नका. एक केस म्हणजे लगेच ५ टक्के, दोन म्हणजे १०, आणि साहेब म्हणणार "दुप्पट झालं!" सरळ "२० पैकी १" लिहा.

पायरी दोन: रक्त डोळ्यानं नाही, काट्यावर

ही माझी स्वतःची चूक, लपवत नाही. लेबर रूमला लागून वर्ष झालं तेव्हा सहज मागचं रजिस्टर उघडलं आणि रक्तस्रावाचा रकाना खालपर्यंत वाचत गेले. २५० मिली. २५० मिली. २५० मिली. पान उलटलं, २५० मिली. मधे एक ३००, ती बाई रेफर झालेली. निम्म्या नोंदी माझ्याच अक्षरातल्या. शंभर बायकांचं रक्त एकसारखं कसं जाईल हो? आम्ही मोजतच नव्हतो, सवयीनं लिहीत होतो.

अंदाज बहुतेक वेळा कमीच होतो, सीनियर डॉक्टरचाही. आपल्या शेजारी बेळगावला यावर फार चांगलं काम झालंय. बाईच्या खाली लावायची मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची ड्रेप तिथं वापरून बघितली, २००६ साली त्याचे निकाल छापून आले, डोळ्यानं केलेला अंदाज ड्रेपमधल्या मापापेक्षा साधारण ३३ टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे ६०० गेलं तर आपण ४०० लिहिणार आणि निवांत बसणार. पुढं २०२३ ला ई-मोटिव्ह नावाचा आफ्रिकेतल्या चार देशांतला अभ्यास आला, मापाची ड्रेप लावून वेळेत ओळखायचं आणि सगळे उपचार एकदमच सुरू करायचे, तर गंभीर रक्तस्रावाचा त्रास ६० टक्क्यांनी कमी झाला. नुसतं मोजून नाही, मोजून लगेच हललं म्हणून.

करायचं असं. ड्रेप मिळत असेल तर मागणी लावा. नसेल तर किराणा दुकानात असतो तसला डिजिटल काटा घ्या. कोरडे पॅड आणि कापड आधी वजन करून तो आकडा भिंतीवर चिकटवा. समजा कोरडं ८० ग्रॅम, भिजल्यावर ४१० ग्रॅम, तर ३३० ग्रॅम म्हणजे ढोबळमानानं ३३० मिली. भांड्यात पडलेलं मापानं मोजून त्यात मिळवा. गर्भजल मिसळू नये म्हणून बाळ बाहेर आलं की लगेच खालचं कापड बदला, हे नवीन मुली हमखास विसरतात. पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, गर्भाशय कडक आहे का, आणि पॅड.

साध्या बाळंतपणात ५०० मिली ही जुनी रेषा, ती अजून आहेच. पण २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नवीन सूचना काढल्या त्यात ३०० मिली गेलंय आणि सोबत नाडी-बीपी बिघडलंय तर ५०० ची वाट बघू नका असं आहे. आपल्याकडच्या अशक्त, एचबी (हिमोग्लोबिन) ८ असणाऱ्या पोरींना हे फारच लागू पडतं, त्यांना ४०० सुद्धा झेपत नाही.

मोजायला लागल्यावर पहिल्या दोन महिन्यांत तुमच्याकडं रक्तस्रावाच्या केसेस "वाढतील". घाबरू नका, आणि मेडिकल ऑफिसरना आधीच सांगून ठेवा. केसेस वाढलेल्या नसतात, दिसायला लागलेल्या असतात.

पायरी तीन: सिझर, रेफर आणि बाळ (थोडक्यात)

सिझरबद्दल सगळ्यांची मतं ठाम असतात. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा आकडा २५.४ टक्के आहे, देशात खासगीत ४७.४ आणि सरकारीत १४.३. पण नुसत्या टक्क्यावरून दवाखाना चांगला की वाईट हे ठरत नाही, कारण मोठ्या दवाखान्यात अडलेल्याच बायका येतात. तुमच्याकडं ऑपरेशन होत असेल तर रॉबसनचे दहा गट शिकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. प्रत्येक बाई एकाच गटात बसते: पहिलटकरीण का, आधी सिझर झालंय का, बाळ एक का जुळं, डोकं खाली का, दिवस भरले का, कळा आपोआप आल्या का आणाव्या लागल्या. सगळ्यात जास्त नजर पहिल्या गटावर ठेवा, म्हणजे पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, दिवस भरलेले, कळा आपोआप. या गटात सिझर वाढली तर दोन-तीन वर्षांनी त्याच बाया "आधीचं सिझर" म्हणून पाचव्या गटात परत येणार, हे चक्र तिथूनच सुरू होतं.

ऑपरेशन नसेल तर रेफर मोजा. निर्णय कधी झाला, १०८ ची गाडी कधी आली, दवाखान्यात कधी पोचली. पाटण-जावळीत पावसाळ्यात घाट आणि दरडी, इकडं जत-आटपाडीला अंतरच एवढं, त्यामुळं या तिन्ही घड्याळी वेळा लिहिल्याशिवाय उशीर कुठं झाला ते कळत नाही. आमच्याकडं लिहिल्यावर कळलं की गाडीपेक्षा जास्त वेळ "घरच्यांशी बोलून सांगतो" यात जातोय. मग आम्ही आठव्या महिन्यातच नवरा आणि सासऱ्याला बोलवून ते बोलणं उरकायला लागलो. आणि रेफर केलेल्या बाईचं पुढं काय झालं ते दुसऱ्या दिवशी फोन करून विचारून लिहायचंच, तेवढं पान कोरं सोडलं की आपण त्यातून काही शिकत नाही.

बाळाचं वजन (२५०० ग्रॅमच्या खाली कमी वजनाचं), पाचव्या मिनिटाचा अपगार (बाळाचा श्वास, रंग, ठोके बघून दिलेले गुण), पहिल्या तासात अंगावर पाजलं का, हे तुम्ही लिहिताच. फक्त वजनाचा काटा शून्यावर आहे का बघा. रजिस्टरला सगळी वजनं २.५, २.८, ३.० अशी गोल दिसायला लागली तर काट्याकडं न बघता कुणीतरी लिहितंय समजा.

पायरी चार: तिला विचारणं. हीच खरी मेहनतीची

साताऱ्या-सांगलीकडं बाळंतिणीला विचारा, "बरी आहेस का?" उत्तर ठरलेलं, "बरी हाय की." दारात उभं राहून विचारलेल्या प्रश्नाला आपल्याकडं हेच उत्तर द्यायचं असतं, तो शिष्टाचार आहे, माहिती नाही.

एक प्रसंग सांगते. बत्तिसाव्या दिवशी एका वस्तीवर गेलो. बाज, खाली शेगडी, कोपऱ्यात डिंकाच्या लाडवाचा डबा, बाळ गुटगुटीत, सासूबाई खुशीत. सून खाली बघून "बरंय, बरंय" करतेय. आशाताई हुशार, ती म्हणाली "आजी, बाळाचं वजन बाहेर उजेडात करू, तुम्ही धरा." आजी बाळाला घेऊन ओसरीवर. आत आम्ही दोघीच. मी विचारलं, "बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?" ती काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "आढ्याकडं बघत पडते." तेवढंच. मग हळूहळू सगळं निघालं. लाडवाचा डबा भरलेला का होता तेही कळलं, तिला तीन आठवडे काही गोड लागतच नव्हतं.

म्हणून प्रश्न असे विचारा की ज्यांना "बरंय" हे उत्तर बसतच नाही.

शरीराचं: पाटावर सरळ बसता येतं का? शिंकलं-खोकलं की लघवी होते का? संडासला जायची भीती वाटते का? अंगावरून जातंय त्याला वास येतो का? छातीत गाठ, ताप? आणि सहा आठवड्यांनंतर, फक्त दोघीच असताना, नवऱ्याजवळ जायला दुखतं का. हा शेवटचा प्रश्न विचारताना पहिल्यांदा माझीच जीभ अडखळली होती. पण विचारल्यावर "बरं झालं तुम्हीच काढलंत" असं किती जणी म्हणाल्या.

मनाचं: बाळ झोपल्यावर झोप लागते का? जेवण गिळतं का? मन कशात रमतं का? विनाकारण रडू येतं का, भीती वाटते का? बाळाकडं बघून काय वाटतं? घरात तुझं ऐकणारं कोण आहे?

कधी विचारायचं? आशाच्या गृहभेटी दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतातच, त्यालाच जोडून घ्या, नवीन फेऱ्या काढू नका. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी रडू येणं बऱ्याच जणींना होतं, पान्हा फुटायच्या सुमाराचंच ते, दोन आठवड्यांत ओसरतं. त्यामुळं पहिल्या आठवड्यातली उत्तरं बघून शिक्का मारू नका. दोन आठवड्यांनंतरही तेच असेल तर मात्र ती कुरकुर नाही. खरं मोजमाप ४२ व्या दिवशी, आणि जमलं तर बाळाच्या लसीला येते तेव्हा तिसऱ्या महिन्यात परत.

फॉर्म कुठला? दोन माहीत असू द्या. एक एडिंबरा स्केल, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ पासून वापरात आहे, १० प्रश्न, मागच्या ७ दिवसांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ म्हणजे एकूण ३०. मूळ स्कॉटलंडमधल्या कामात १३ च्या आसपास रेघ मारली जायची, गोव्यात कोकणी बायकांसोबत तपासलं तेव्हा ती थोडी खाली आली. त्यामुळं रेघ कुठं मारायची ते जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमला विचारून ठरवा, मराठी फॉर्मही त्यांच्याकडूनच घ्या. घरी बसून भाषांतर करू नका, "ब्लेम" ला "दोष" म्हणायचं का "मनाला लावून घेणं" एवढ्या एका शब्दानं उत्तरं बदलतात. आणि दहावा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घ्यायच्या विचारांचा आहे. तिथं शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर बेरीज बघायची नाही, बाईला एकटं सोडायचं नाही, मेडिकल ऑफिसरना त्याच वेळी फोन. टेलिमानसचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, फुकट आहे, वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

दुसरा डब्ल्यूएचओ-५, पाचच वाक्यं, मागच्या दोन आठवड्यांची, सगळी चांगल्या बाजूनं लिहिलेली: मन प्रसन्न होतं, शांत वाटलं, उत्साह होता वगैरे. प्रत्येकाला ० ते ५, बेरजेला ४ नं गुणा म्हणजे १०० पैकी आकडा येतो, ५० किंवा खाली आला तर नीट बसून बोला. हा फॉर्म मला आवडतो कारण त्यात दुखण्याचा उल्लेखच नाही, सासू शेजारी असली तरी विचारता येतो. एकच वाक्य आपल्या बाळंतिणीला जमत नाही, "सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं". तान्हं बाळ असलेल्या कुठल्या बाईला ओ वाटणार! सगळ्याच हसतात. हसू द्या, तिथूनच बोलणं सुरू होतं.

मुलगी झाली असेल तर एक भेट जास्त द्या. गोव्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा अभ्यास झाला, २००२ ला छापून आला, सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य निघालं आणि गरिबी, नवऱ्याशी पटत नसणं याच्या जोडीला बाळ मुलगी असणं हेही कारणांत होतं. आपल्याकडं हे पुस्तकात वाचायची गरज नाही. २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेनं "नकुशी" नाव ठेवलेल्या २८५ मुलींना नवीन नावं दिली होती, आठवत असेल. त्यातल्या बऱ्याच जणी आता स्वतः आई व्हायच्या वयाच्या झाल्यात. उद्या त्यातली कुणी तुमच्या टेबलावर असू शकते, आणि तिला मुलगी झाली तर तिच्या मनात काय चालेल ते वजनाच्या काट्यावर दिसणार नाही.

एक नियम मात्र कडक पाळा: मदत करायची सोय नसेल तर विचारू नका. एडिंबराचा स्कोअर काढला, १८ आला, वहीत लिहिला आणि उठून आलो, हे न विचारण्यापेक्षा वाईट. आधी ठरवा कुणाला फोन करणार, कुठं पाठवणार, तिच्यासोबत कोण जाणार, मग फॉर्म हातात घ्या.

पायरी पाच: आमच्याकडं तिला कसं वाटलं?

लेबर रूम सुधारायचा केंद्राचा लक्ष्य कार्यक्रम २०१७ च्या शेवटी आला तेव्हापासून लेबर रूमच्या मूल्यांकनात बाईचं समाधानही बघतात. चांगलंच आहे. पण फॉर्म भरून कोण घेतं? ज्या सिस्टरनं रात्री "ओरडू नको" म्हणून दटावलं तीच सकाळी पेन पुढं करते, "ताई, इथं टिक करा, छान वर करा." बाई अजून आपल्या कॉटवर, डिस्चार्ज अजून आपल्या हातात, ती काय लिहिणार? शंभरपैकी शंभर छान. मी पण असे फॉर्म भरून घेतलेत, काय सांगू.

घरी गेल्यावर विचारा, आणि तिच्या बाळंतपणाला नसलेल्या माणसानं विचारा. दुपारी दोन ते चारच्या मधे फोन करा, तेव्हा घरातली कामं आवरलेली असतात. "समाधानी आहात का" हे विचारू नका. विचारा: आत कुणी सोबतीला होतं का? तपासायच्या आधी सांगितलं का? पडदा होता का? कुणी ओरडलं, हात उगारला का? टाके घालताना दुखलं का, भूल दिली का? पैसे मागितले का? हो-नाही मध्ये उत्तरं येतात आणि खोटं बोलायची गरज पडत नाही. आमच्या पहिल्या वीस फोनमध्ये सगळ्यात जास्त तक्रार ओरडण्याची नव्हती, पाणी प्यायला दिलं नाही याची होती. तेवढं तर दुसऱ्या दिवशीच सुधारलं, एक माठ आणि दोन पेले.

पायरी सहा: एक रेघ काढा

कॉम्प्युटर लागत नाही. आलेखाचा कागद, खाली महिने, उभ्या बाजूला आकडा, दर महिन्याला एक ठिपका. दहा-बारा ठिपके झाले की सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लिहा आणि मधला घ्या, त्या उंचीवर आडवी रेघ. एखादा महिना वर गेला, एखादा खाली आला, त्यावर कुणाला झापू नका आणि पेढेही वाटू नका, तेवढं इकडंतिकडं होतंच. लागोपाठ सहा किंवा जास्त ठिपके रेघेच्या एकाच बाजूला आले तर मात्र खरंच काहीतरी बदललंय, तेव्हा बसून शोधा. काही नवीन सुरू केलं, कुणी बदलीवर आलं-गेलं, तर ते त्या महिन्याखाली पेन्सिलीनं लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी आठवत नाही.

कागद लेबर रूमच्या आत लावा, साहेबांच्या केबिनमध्ये नाही. नाव कुणाचंच नको, बाईचं नको, सिस्टरचंही नको. आणि हात जोडून सांगते, फॉर्मचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. गाव लहान असतं, "अमक्याच्या सुनेच्या डोक्यावर परिणाम झालाय" हे संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर पोचतं, आणि मग ती बाई पुन्हा आयुष्यात कुठल्या सिस्टरला खरं सांगत नाही.

सुरुवात किती मोठी करायची

छोटी. आम्ही उत्साहात २६ रकाने आखले होते, दुसऱ्या महिन्यात अर्धे कोरे आणि उरलेल्या अर्ध्यात "नॉर्मल". मग पाचच ठेवले: मोजलेलं रक्त, रेफरच्या तीन वेळा, ४२ व्या दिवशी प्रत्यक्ष भेटली का, सरळ बसता येतं का, आणि बाळ झोपल्यावर झोप लागते का. जो रकाना तीन महिने भरूनही तुमच्या कामात काही बदल घडवत नाही तो खोडा, त्याजागी दुसरा घ्या, पण पाचाचे सहा करू नका. दोनशे पानी आडवी वही पुरते वर्षभर, आणि तिला जाड दोरीनं पेन बांधून ठेवा, नाहीतर ओपीडीवाले नेतात.